दुर्गम कुणाला? डोंगरातलं गाव आणि पाहुण्यांचं मराठी

(तारापूर इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथं तसाच ठेवला आहे. श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन शेवटी दिले आहेत.)



पत्रिकेवर आजचा विषय ‘दुर्गम गावांचं पर्यटन’ असा छापलाय. त्यात थोडा बदल करून बोलते. पर्यटन चांगलं की वाईट, हा वाद आज मला घालायचा नाही. त्यावर बोलायला हॉटेलवाले, वनखातं, ग्रामपंचायत असे पुष्कळ जाणकार आहेत. मी वाचणारी बाई आहे. त्यामुळे मला बोलायचंय ते लिहिण्याबद्दल. आपण डोंगरातल्या एखाद्या गावाला जातो आणि परत आल्यावर काहीतरी लिहितो. कुणी पुस्तक लिहितं, कुणी दिवाळी अंकात लेख लिहितं, आणि आता बहुतेक जण फोटोखाली चार ओळी लिहितात. त्या लिहिण्यात ते गाव कसं दिसतं आणि त्यातून काय सुटतं, एवढाच माझा प्रश्न आहे.

हे बोलायला तारापूरसारखी दुसरी जागा नाही. का, ते सांगते. बाहेरच्या माणसाला ‘तारापूर’ म्हणा, तो लगेच म्हणतो, ‘अणुभट्टी!’ १९६९ साली इथं देशातली पहिली अणुवीज तयार झाली, तेव्हापासून या गावाला तेवढीच एक ओळख चिकटली. इथला किल्ला, वसईच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये तो घेताना पडलेले बाजी भिवराव, चिंचणी-तारापूरच्या घराघरांतलं डायमेकिंग, मच्छीमारांच्या होड्या, यांतलं काही त्याला ठाऊक नसतं. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी उठलेली अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं तर नाहीतच नाहीत. म्हणजे बाहेरच्यानं आपल्याकडे एकाच खिडकीतून बघणं काय असतं, हे तुम्हाला मी समजवायला नको. रविवारी चिंचणीच्या किनाऱ्यावर गाड्या लागतात, तेव्हा आपण ‘गावातले’ असतो. आणि जुलै महिन्यात आपण चिल्हार फाटा, मनोर, विक्रमगड करत जव्हारला निघतो, तेव्हा आपणच पाहुणे असतो. एकाच माणसाला या दोन्ही बाजू माहीत असणं ही वाचक म्हणून मोठी शिदोरी आहे. आज तिचाच उपयोग करूया.

‘दुर्गम’ हा शब्द

आधी ‘दुर्गम’ हा शब्द घेऊ. जिथं जायला कठीण ते दुर्गम. पण कुणाला जायला? आणि कुठून निघून?

जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. इथून गाडीनं दोन-अडीच तास. महादेव कोळी मुकणे घराण्याचं हे संस्थान १९४८ साली विलीन झालं. राजवाडा आजही उभा आहे. नगरपालिका १९१८ सालची, म्हणजे शंभरी उलटलेली. हे काही जगापासून तुटलेलं ठिकाण नव्हे. पण जव्हार सोडलं की पुढं पाडे लागतात. एका महसुली गावाचे पाच-सात पाडे, प्रत्येक पाडा वेगळ्या टेकाडावर. शेवटच्या पाड्यापर्यंत डांबर पोचतंच असं नाही. पाहुण्याच्या हिशेबानं ते दुर्गम.

आता उलट बाजूनं बघा. दिवाळी झाली की याच पाड्यांवरची कुटुंबं खाली उतरतात. वीटभट्टीचा बयाणा आधीच घेतलेला असतो. वसई, भिवंडी, वाडा इथल्या भट्ट्यांवर, इमारतींच्या कामांवर, आपल्या बोईसरच्या नाक्यावर ही माणसं उभी असतात. अंगाखांद्यावर पोरं, डोक्यावर भांड्याकुंड्यांचं गाठोडं. पावसाच्या तोंडावर परत वर. जो रस्ता आपण वर्षातून एकदा कौतुकानं चढतो, तोच रस्ता ती दरवर्षी उतरतात आणि चढतात. त्यांना जव्हार-बोईसर दुर्गम नाही, चांगलं तोंडपाठ आहे. पण पाड्यावर बाळंतीण अडली आणि रात्री जीप मिळाली नाही, की मग तेच गाव त्यांनाही दुर्गम होतं. म्हणजे दुर्गमता ही त्या गावाच्या मातीत नसते. कोण, कधी आणि कशासाठी निघालंय, त्यावर ती ठरते. आपल्या लेखनात मात्र ती डोंगराच्या उंचीसारखी कायमची बसवलेली असते.

वरून खाली येणाऱ्या गोष्टी माणसांपुरत्या नाहीत. पाणीही खाली येतं. मोखाडा तालुक्याच्या हद्दीत मध्य वैतरणा धरण झालं. मुंबईला त्यातून रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळावं अशी योजना होती आणि ते मिळतंही. आणि त्याच मोखाड्यात एप्रिल-मे महिन्यात पाड्यांवर टँकर फिरतात. पाऊस कमी म्हणून नव्हे. आकाशातून पडतं ते भरपूर, थांबत मात्र नाही. पर्यटकाच्या लेखात पाणी असतं ते धबधब्यात. हंड्यातलं पाणी त्यात क्वचित येतं.

पाहुण्यांच्या मराठीचं व्याकरण

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. एका कुणाचं नाव घेत नाही, कारण हा एकाचा दोष नाही. हा एक ठरून गेलेला साचा आहे आणि आपण सगळे त्यात लिहितो. जव्हारवरचे पाच-दहा लेख किंवा व्हिडिओंखालचे मजकूर शेजारीशेजारी ठेवा. शब्द तेच. ‘निसर्गाच्या कुशीत वसलेलं’, ‘डोंगरांत दडलेलं’, ‘साधीभोळी माणसं’, ‘चुलीवरचं गरमागरम जेवण’, ‘मोबाईलला रेंज नाही, पण मनाला शांती आहे’. आणि ‘मिनी महाबळेश्वर’ तर हवंच. एका गावाची ओळख दुसऱ्या गावाचं छोटं रूप म्हणून करून द्यायची, यातच सगळं आलं की!

यातली क्रियापदं बघा. गाव ‘वसलेलं’ असतं, ‘दडलेलं’ असतं, ‘नटलेलं’ असतं. गाव काही करत नाही. त्याच्याबाबतीत सगळं होऊन गेलेलं आहे. करणारे आपण. आपण पोचतो, चढतो, भिजतो, अनुभवतो. ‘दडलेलं’ म्हणजे कुणापासून दडलेलं? तिथला माणूस तर रोज तिथंच आहे. गाव आपल्याला माहीत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. आपलं अज्ञान आपण त्या गावाचा गुण म्हणून लिहितो.

‘साधीभोळी’ हा शब्द तर मला फार खटकतो. ज्या बाईनं पाच रुपयांच्या करवंदांच्या द्रोणाचा भाव तुमच्या गाडीकडे बघून दहा सांगितला, ती भोळी नाही. तिला गिऱ्हाईक कळतं. जो गडी बयाण्याचा हिशेब तोंडी ठेवतो, त्याला बिनलिहिलेला करार कळतो. भोळं म्हटलं की त्याचा हिशेब विचारायची गरज उरत नाही. कौतुकाचा शब्द इथं प्रश्न टाळायच्या कामी येतो. त्यात वाईट हेतू असतो असं मी म्हणत नाही. बहुतेकदा प्रेमच असतं. पण लेखन हेतूवर तपासायचं नसतं, त्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही यावर तपासायचं असतं.

कोणता ऋतू बघितला?

या साच्यातली मोठी गडबड काळाची आहे. आपण जातो कधी? जुलै ते सप्टेंबर. दाभोसा कोसळत असतो, सगळीकडे हिरवं, शेतांत आवणी चाललेली. बायामाणसं गुडघाभर चिखलात वाकलेली. फोटो फार छान येतो. आपण लिहितो, ‘काय समृद्धी!’

आता शेतकऱ्याच्या घरातून बघा. आवणीच्या दिवसांत कणगी तळाला गेलेली असते. नवं भात यायला दिवाळी उजाडते. नागली-वरई त्याच सुमाराची. म्हणजे बाहेर सगळ्यात हिरवं असतं, तेव्हा घरात सगळ्यात कमी धान्य असतं. हे मी कल्पनेनं सांगत नाही. याच महिन्यांसाठी सरकारनं आदिवासी कुटुंबांकरता १९७८ पासून खावटी कर्ज योजना चालवली. २०२० मध्ये तिचं अनुदान झालं, कुटुंबाला चार हजार रुपये, अर्धे पैसे आणि अर्ध्याच्या वस्तू. पावसाळ्यात खायला नसतं, हे सरकारी कागदावर मान्य झालेलं आहे. आपल्या प्रवासलेखात अजून मान्य झालेलं नाही.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर? डोंगर पिवळे, धबधबा सुकलेला, पाड्यावर म्हातारी माणसं आणि कुलपं. ‘बघण्यासारखं काही नाही’ असं आपण म्हणतो आणि तेव्हा जात नाही. मधल्या काळात होळी येते, कुठं बोहाडा असतो, देवांचे मुखवटे नाचतात, खाली गेलेली माणसं त्यासाठी धडपडून परत येतात. तेवढ्यापुरतं गाव पुन्हा भरतं. म्हणजे गावाला स्वतःचं वर्ष आहे. आपल्या लेखात त्यातले दोन दिवस येतात आणि तेच बारा महिने म्हणून छापले जातात.

याच्या अगदी उलट टोकाचा एक प्रकार आहे, तोही विसरून चालणार नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालकं दगावली. महाराष्ट्र हादरला. मंत्री आले, पत्रकार आले, पुढं जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय झालं. ते आवश्यकच होतं. पण त्यानंतर ‘वावर-वांगणी’ हे नाव कुपोषणाचं दुसरं नाव झालं. तुमचं तारापूर जसं अणुभट्टीचं दुसरं नाव झालं, तसंच. एका लेखात फक्त धबधबा, दुसऱ्यात फक्त सुकलेलं मूल. दोन्ही लिहिणारे एकमेकांना नावं ठेवतात. दोघांची नजर मात्र एका बाबतीत सारखी आहे, दोघांच्या मजकुरात तिथला माणूस आपल्याकडे बघत नाही.

तीन नमुने

मराठीत याहून चांगलं काही आहे का? आहे. तीन नमुने घेते, आणि तिघांनाही एकच प्रश्न विचारते, यातला रस्ता एकेरी आहे की दुहेरी?

पहिला, गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’. राजमाचीच्या परिसरातली कादंबरी. ही वाचून राजमाचीला गेलेले किती जण इथं असतील! दांडेकर स्वतः गडकोट पायांनी तुडवलेले, त्यामुळे माळ, वारा, पाखरं यांचं त्यांचं वर्णन ब्रोशरातलं वाटत नाही. पण मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. बुधा मुंबईहून परत आलेला आहे. त्यानं शहर बघितलंय, तिथं राहिलाय, आणि ते नको म्हणून तो वर आलाय. म्हणजे डोंगराची निवड करणारा माणूस डोंगरातलाच आहे. शहराकडे बघून मत बनवायचा हक्क दांडेकरांनी त्याला दिला. रस्ता दुहेरी झाला. उणीव कुठं आहे? बुधा एकटा आहे. गावाची भांडणं, देणीघेणी, पोटापाण्याची ओढाताण, जिच्यामुळे मुळात माणसं मुंबईला जातात, ती मागं पडते. त्यामुळे वाचक पुस्तक मिटतो तेव्हा त्याला बुधाच्या पठाराची ओढ लागते, उधेवाडीच्या घरांची तितकीशी लागत नाही. पुस्तक हातात घेऊन राजमाचीला जाणाऱ्यांनी पठार शोधलं. मग ज्यांच्या ओसरीवर जेवले त्यांच्याबद्दल त्यांनी किती लिहिलं? हा दोष दांडेकरांचा कमी आणि त्यांच्या वाचकांचा जास्त.

दुसरा नमुना आपल्या जिल्ह्यातला. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९७० चं पुस्तक, १९७२ ला साहित्य अकादमी. यातलं गाव डोंगरातलं, माणसं वारली, लिहिणारी बाई पुण्या-मुंबईकडची, कायद्याची पदवीधर. म्हणजे पाहुणीच. पण ती तिथं गेली कशी, ते बघा. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथं झरी गावचे माह्या धानगडा आले होते. आधी डोंगरातला माणूस खाली आला, आपलं म्हणणं मांडलं आणि मग बाहेरची माणसं वर गेली. २३ मे १९४५ ला झरीला वारल्यांची मोठी सभा झाली. वेठ करायची नाही, असं ठरलं. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी होते, त्यांच्या सुटकेचा प्रश्न उभा राहिला. या पुस्तकात डोंगर, रान, ऊन सगळं आहे, पण ते चालताना लागतं म्हणून आहे. झोपडीत बसायचं कसं, पुढ्यात आलेलं खायचं कसं, बोली समजून घ्यायची कशी, हे पाहुणीला शिकावं लागतं. इथं अडाणी कोण? पाहुणी! प्रवासलेखात हे क्वचित घडतं.

आता या पुस्तकाबद्दलही एक शंका बोलून दाखवते, कारण आपण आरती करायला जमलो नाही. नावच बघा, ‘जेव्हा माणूस जागा होतो’. म्हणजे आधी झोपला होता? जो माणूस टिटवाळ्यापर्यंत चालून येतो तो आधीच जागा असला पाहिजे. पुस्तकातले प्रसंग हे दाखवतात, पुस्तकाचं नाव मात्र ते झाकतं. मोठ्या आणि प्रामाणिक लेखिकेच्या हातूनही ‘आम्ही आलो आणि मग इथं काहीतरी सुरू झालं’ अशी मांडणी होऊन जाते. पर्यटकाचं ‘दडलेलं गाव’ आणि चळवळीचं ‘झोपलेलं गाव’ यांचा लांबचा का होईना, नातेसंबंध आहे. तरी फरक मोठा आहे. परुळेकरांच्या पुस्तकातच ती मांडणी खोडायचा पुरावा पानोपानी आहे. त्यांनी माणसांना बोलू दिलंय, म्हणून आपण त्यांच्याशी वाद घालू शकतो. ब्रोशराशी कसला वाद घालणार?

तिसरा नमुना पुस्तक नाही, भिंत आहे. वारली बाया लग्नाला चौक काढतात. ‘काढतात’ आपण म्हणतो, त्यांच्याकडे चौक ‘लिहितात’. शेणा-गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणी तो लिहितात. मध्ये पालघाट देवी. धवलेरी गाणी म्हणते. म्हणजे ज्या गावाबद्दल आपण लिहितो, ते गाव आधीपासून लिहितंय. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकारानं ही कला कागदावर यायला हात दिला, आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी तिला लग्नघराबाहेर आणलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

म्हशे यांच्या चित्रात एक गोष्ट बघा. जव्हारला आपण कुठं जातो? सनसेट पॉइंट, हनुमान पॉइंट. ‘पॉइंट’ म्हणजे उभं राहून बघायची जागा. बघणारा कठड्याच्या अलीकडे, दृश्य पलीकडे. म्हशे यांच्या चित्रात पॉइंटच नाही. जाळं टाकणारा, भात झोडणारी, मुंग्या, झाडं, तारप्याभोवतीचा फेर, सगळे एकाच भिंतीवर, कुणी मागं नाही, कुणी पुढं नाही. बाहेर उभं राहून बघणारा माणूस त्या चित्रात नाहीच. तुम्हाला बघायचं असेल तर नजरेनं आत शिरून फिरावं लागतं. २००३ मध्ये जर्मनीत ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयात म्हशे आणि इंग्लंडचे रिचर्ड लाँग या दोघांचं एकत्र प्रदर्शन झालं. लाँग म्हणजे चालण्यातून कला करणारा माणूस, देशोदेशी पायी फिरणारा. एका भिंतीवर फिरस्ता आणि दुसऱ्या भिंतीवर गावचा माणूस, दोघंही कलावंत म्हणून समोरासमोर. पाहुणा आणि यजमान असे बरोबरीनं मांडलेले मला मराठी प्रवासलेखनात फार कमी भेटले. आपल्याकडे त्याच वारली आकृत्या रिसॉर्टच्या संडासाच्या दारावर बाई आणि पुरुष दाखवायला वापरतात.

पैसे देऊन जेवलो, मग?

‘पण आता जमाना बदललाय’ असं तुम्ही म्हणाल. खरंय. अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी किंवा जव्हारजवळचं वाळवंडा इथं गावानं मिळून पाहुणे घ्यायची पद्धत सुरू झाली. दर ठरलेला, जेवण आळीपाळीनं वेगवेगळ्या घरी, वाट दाखवायला गावातला तरुण. २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरणही आलं. या सगळ्याचे हिशेब कसे चालतात, कुणाच्या घरी किती पोचतं, हा अभ्यासाचा विषय आहे. माझा मुद्दा लेखनापुरता. जिथं दर ठरलेला असतो, तिथं ‘त्यांनी प्रेमानं जेवू घातलं’ हे वाक्य थोडं अडखळायला हवं. प्रेम असेल, पण ते कामही आहे. पहाटे उठून कुणी लाकडं आणली, पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या, नंतर भांडी घासली. ‘चुलीवरचं जेवण’ या शब्दांत चूल येते, चुलीपुढची बाई येत नाही, तिच्या डोळ्यांतला धूर तर मुळीच येत नाही. आपण पैसे दिले हे लिहायला आपल्याला संकोच वाटतो. माझं म्हणणं, तोच संकोच सोडा. किती दिले, कुणाला दिले, हे लिहिलं की गाव एकदम खरं होतं. व्यवहार लिहिला म्हणून आपुलकी कमी होत नाही.

तसंच धोक्याचं. गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात धबधब्यांवर मनाई आदेश निघतात. तरी गाड्या जातात, तरी कुणी बुडतं. मग पाण्यात उतरतात ते जवळच्या पाड्यावरचे पोहणारे तरुण. बातमीत त्यांना ‘स्थानिक’ म्हणतात. नाव नाही. आपल्या लेखात तर तेवढेही नाहीत.

समारोप करते. डोंगरातल्या गावावरचं कुठलंही लेखन हातात आलं की मी तीन गोष्टी बघते. यातला माणूस कधी खाली आलाय का? यात दुसरा ऋतू आहे का? आणि यातला कुणी लिहिणाऱ्याकडे बघून काही बोललाय का, अगदी चेष्टेनं, रागानं, कसंही? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, तर त्या लेखातल्या गावाच्या जागी दुसरं कुठलंही नाव घाला, लेख तसाच चालेल. चारच ओळी लिहा, हरकत नाही. पण त्यातली एक ओळ दुसऱ्या गावाला लागू पडणार नाही एवढी पारखून लिहा.

आपण इथंच थांबू. प्रश्न घेऊया.

प्रश्न : म्हणजे आम्ही जायचंच नाही का? दोन दिवस सुटी मिळते. तेवढ्यात काय संशोधन करणार? परुळेकरांशी आमची तुलना करणं हे जरा अन्यायाचं नाही का?

उत्तर : रास्त प्रश्न आहे. जा, जरूर जा. दोन दिवसांच्या माणसाकडून कुणी वीस वर्षांची अपेक्षा करत नाही. परुळेकरांसारखं राहा असं मी म्हटलंच नाही. मी म्हणते, दोन दिवस गेलात तर दोन दिवसांचंच लिहा. ‘इथली माणसं अशी असतात’ हे वाक्य दोन दिवसांत हाती लागत नाही. ‘आम्ही गेलो त्या घरी आजी होती, मुलगा-सून भट्टीवर गेले होते’ हे वाक्य लागतं. तेवढ्यासाठी एकच प्रश्न विचारावा लागतो, ‘घरात आणखी कोण कोण असतं?’ त्याला संशोधन लागत नाही. आणि त्यांनी उलट विचारलं, ‘तुम्ही कुठल्या, काय करता, किती मिळतं?’ तर खरं उत्तर द्यावं. आपण तिथं विचारतो ते सगळं आपल्यालाही विचारायचा त्यांचा हक्क आहे.

प्रश्न : ताई, मी मोखाड्याकडचा. पंधरा वर्षं झाली, इथं कंपनीत आहे. माझी मुलगी इथल्याच शाळेत सहावीला आहे. ‘माझे गाव’ असा निबंध होता. तिनं लिहिलं, ‘माझे गाव डोंगराच्या कुशीत वसलेले आहे. तेथील लोक साधेभोळे आहेत.’ बाईंनी दहापैकी नऊ दिले. मला वाचून काही सुचेना. तिच्या आजी-आजोबांबद्दल लिहिलंय ते. तुम्ही बोलत होता तेव्हा तेच आठवत होतं.

उत्तर : एवढं बोलून मला जे नीट सांगता आलं नाही, ते तुम्ही सांगितलंत. मी मघापासून पाहुण्यांच्या मराठीबद्दल बोलत होते. तुम्ही सांगताय की ते मराठी आता पाहुण्यांपुरतं राहिलेलं नाही. ते धड्यात गेलं, निबंधाच्या पुस्तकात गेलं आणि तिथून तुमच्या मुलीच्या वहीत आलं. आता ती स्वतःच्या आजीकडे पर्यटकाच्या शब्दांनी बघतेय, आणि त्याला नऊ गुण मिळतायत. बाईंना दोष देऊ नका, त्यांनाही असंच शिकवलं गेलं.

तुम्ही तिला निबंध खोडायला लावू नका. तिला आजीकडे पाठवा आणि एक काम द्या. आजी भट्टीवर कधी गेली होती, कुठल्या गावी, किती दिवस, बयाणा किती होता, हे विचारून वहीत लिहून आणायचं. आजीच्या बोलीत सांगेल तसं, शुद्धलेखनाची काळजी न करता. आजी साधीभोळी आहे की नाही, ते मग तिचं तीच ठरवेल. आणि जमलं तर ती वही मला वाचायला द्या. मला ती खरंच वाचायची आहे.